प्रयोगात हरलेली गोळी घरी चालू ठेवावी का?

चाळीसगाव तालुक्यातील एका ताईंचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे यजमान सतरा वर्षे सैन्यात होते, त्यांतील बराच काळ काश्मीरमध्ये गेला, आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आता घरची कपाशी आणि मका पाहतात. गावात सगळे त्यांना 'मेजर' म्हणतात. शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात ते मोटर चालू करायला जातात आणि पहाटेपर्यंत बॅटरी घेऊन बांधावर फिरत राहतात; वीज दिवसा असली तरी त्यांची झोप रात्री दोन-अडीचच्या पुढे जात नाही. ओरडत उठतात, अंगावर हात टाकला तर मनगट पिरगळतात, लग्नसराईत फटाक्यांची माळ लागली की जेवणाच्या पंगतीतून उठून जातात. विचारावे तर अहिराणीत एकच उत्तर मिळते, "माले काही हुयेल नही." जळगावच्या मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडीचे, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणाऱ्या आजाराचे, निदान करून सर्ट्रालिन आणि रात्री झोपताना प्राझोसिन सुरू केले. पाच महिन्यांत झोप थोडी सुधारली, पण स्वप्ने पुरती गेली नाहीत. अशात पुण्याला फार्मसी शिकणाऱ्या भाच्याने मोबाईलवर अमेरिकेतील संशोधन दाखवले, की तीनशे माजी सैनिकांवरील मोठ्या प्रयोगात प्राझोसिन निरुपयोगी ठरले आणि सर्ट्रालिनही फौजी माणसाला लागू पडत नाही. ते ऐकून यजमानांनी गोळ्या बंद करायचे ठरवले आहे. ताई विचारतात की गोळ्या थांबवाव्यात का, थांबवू नयेत तर त्यांना कळू न देता चहातून द्याव्यात का, आणि भाचा म्हणतो तसे एखाद्या नव्या औषधाच्या प्रयोगात त्यांचे नाव घालावे का.

ताई, नमस्कार.

आधी तातडीचे सांगतो. दोन्हींपैकी कोणतीही गोळी त्यांनी एकदम सोडू नये. सर्ट्रालिन अचानक बंद केले तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी भावना असा त्रास काही दिवस होऊ शकतो, आणि घरातले लोक त्यालाच आजार उलटला असे समजतात. प्राझोसिनचा धोका वेगळा आहे. हे मुळात रक्तदाबाचे औषध असल्यामुळे ते रात्री झोपतानाच, अगदी कमी मात्रेने सुरू करून हळूहळू चढवावे लागते. चार-सहा दिवस खंड पडल्यावर कोणी पूर्वीची पूर्ण मात्रा एकदम घेतली तर रक्तदाब एकाएकी उतरून माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. अंधारात विहिरीच्या काठाने फिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. त्यांनी गोळ्या आधीच सोडल्या असतील तर आपल्या मनाने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना फोन करावा, किती दिवस खंड पडला ते सांगावे आणि ते सांगतील त्या मात्रेपासून चढत जावे.

आता भाच्याने दाखवलेल्या संशोधनाकडे येतो. ते खरे आहे, आणि त्याने ते वाचले याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्याने शेवटचे पान वाचले; त्याआधीची पाने वाचली तर चित्र बरेच बदलते.

अमेरिकेत सिॲटल येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ मरे रास्किंड यांनी प्राझोसिन या जुन्या, स्वस्त, रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या भयस्वप्नांसाठी करून पाहिला. त्यामागे विचार होता. धोक्याच्या वेळी शरीर नॉरॲड्रिनलिन नावाचे रसायन सोडते, छाती धडधडते, कान टवकारतात. पीटीएसडी झालेल्या माणसात ही यंत्रणा रात्री झोपेतही पुरती शांत होत नाही. प्राझोसिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि त्या रसायनाचा एक प्रकारचा परिणाम अडवते. २००३ मध्ये छापून आलेल्या पहिल्या नियंत्रित प्रयोगात फक्त दहा माजी सैनिक होते, आणि त्यांना औषध आणि हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लॅसिबो, अशी आळीपाळीने देण्यात आली. गुण स्पष्ट दिसला. २००७ मध्ये चाळीस माजी सैनिकांवर, आणि २०१३ मध्ये इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या, अजून सेवेत असलेल्या ६७ सैनिकांवर केलेल्या प्रयोगांतही प्राझोसिन प्लॅसिबोपेक्षा सरस ठरले. तोवर हजारो माजी सैनिकांना ही गोळी दिली जाऊ लागली होती.

मग २०१८ चा तो मोठा प्रयोग आला. माजी सैनिकांच्या तेरा वैद्यकीय केंद्रांमधून ३०४ जण निवडले गेले, निम्म्यांना प्राझोसिन आणि निम्म्यांना प्लॅसिबो देऊन सव्वीस आठवडे पाहिले गेले, आणि भयस्वप्ने, झोप किंवा एकूण प्रकृती यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा निकाल झाकून ठेवण्यासारखा नाही, आणि 'प्रयोगच चुकला' म्हणून उडवून लावण्यासारखाही नाही. तरीही त्या प्रयोगात कोण आले आणि कोण आले नाही, हे पाहणे आवश्यक आहे. त्या काळापर्यंत प्राझोसिनची ख्याती पसरलेली होती. ज्याची रात्र खरोखर असह्य झाली आहे, जो हातघाईवर आला आहे, अशा रुग्णाला सहा महिने कदाचित नुसती प्लॅसिबो मिळेल अशा प्रयोगात पाठवायला त्याचे डॉक्टर धजावले नसावेत. शिवाय प्रयोगाच्या नियमांनुसार ज्यांचे आयुष्य अस्थिर होते त्यांना घेतलेच नव्हते. म्हणजे ज्यांना या गोळीची सर्वांत जास्त गरज होती, बहुधा तेच बाहेर राहिले. संशोधकांनी स्वतःच ही शक्यता नोंदवलेली आहे. आणखी एक धागा असा, की २०१३ च्या प्रयोगातील आकड्यांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा ज्यांचा रक्तदाब मुळात थोडा चढा होता त्यांना प्राझोसिनचा गुण जास्त आल्याचे दिसले. हा अजून अंदाजच आहे, त्यावर उपचार ठरवता येत नाही; पण तुमच्या यजमानांचा गोळ्या सुरू होण्याआधीचा रक्तदाब केसपेपरवर लिहिलेला असेल तर तो डॉक्टरांना आठवून द्यायला हरकत नाही.

याचा परिणाम अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेतही दिसतो. २०१७ च्या आवृत्तीत प्राझोसिनच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच शिफारस केली नव्हती. २०२३ च्या आवृत्तीत, म्हणजे तो अपयशी प्रयोग छापून आल्यानंतर, सगळा पुरावा पुन्हा एकत्र तोलून, भयस्वप्नांसाठी प्राझोसिनचा विचार करावा अशी सौम्य शिफारस आली. भाच्याला हे अवश्य दाखवा. शास्त्रात एका प्रयोगाने न्यायनिवाडा होत नाही, आणि मोठा प्रयोग म्हणजे अंतिम प्रयोग असेही नाही.

तुमच्या घरासाठी मात्र माझे म्हणणे याहून साधे आहे. चाळीसगाव तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला असे वर्तमानपत्रात वाचून तुमच्या वावरातील कपाशीला पाणी मिळाले की नाही हे कळत नाही. ते वावरात जाऊनच पाहावे लागते. तीनशे जणांची सरासरी शून्य आली तरी त्यात काहींची रात्र खूप सुधारलेली असू शकते आणि काहींना नुसती चक्कर आलेली असू शकते. तुमच्या यजमानांना पाच महिन्यांत थोडा फरक पडला, असे तुम्ही लिहिता. तो फरक प्राझोसिनमुळेच पडला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो सर्ट्रालिनमुळे, काळामुळे, किंवा कोणीतरी आपले ऐकून घेते या दिलाशामुळेही पडलेला असू शकतो. प्लॅसिबो घेणाऱ्यांचीही प्रकृती अनेक प्रयोगांत बऱ्यापैकी सुधारते, म्हणूनच तर प्लॅसिबो ठेवावी लागते. तेव्हा एक साधी वही करा. किती वाजता झोपले, किती वेळा दचकून उठले, स्वप्न पडले की नाही, सकाळी उठताना चक्कर आली का, त्या रात्री मोटरीवर जावे लागले का आणि दारू घेतली होती का, एवढेच रोज दोन ओळींत लिहायचे. त्यांनी स्वतः लिहिले तर उत्तम. फौजेत नोंदवही लिहायची सवय लागलेली असते, ती उपयोगी पडेल. सहा आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर मात्रा वाढवायची, तशीच ठेवायची की हळूहळू कमी करून पाहायची, हा निर्णय अंदाजाऐवजी नोंदीवर घेता येईल. अमेरिकेतील २०१८ च्या प्रयोगात पुरुषांना दिवसाला वीस मिलिग्रॅमपर्यंत प्राझोसिन सावकाश चढवत दिले गेले होते, तर आपल्याकडे अनेक रुग्ण एक-दोन मिलिग्रॅमवरच राहून 'गोळी लागू पडत नाही' असे म्हणतात. याचा अर्थ घरी मात्रा वाढवावी असा मुळीच नाही. आपण नेमकी किती मात्रा घेतो आणि ती पुरेशी आहे का, हे विचारावे, एवढाच आहे.

सर्ट्रालिनबद्दल भाचा म्हणतो त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो सांगताना मला थोडा रागही येतो. पीटीएसडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर दोनच औषधांना अधिकृत मान्यता दिली आहे, १९९९ मध्ये सर्ट्रालिन आणि २००१ मध्ये पॅरोक्सेटिन. दोन्ही मुळात नैराश्याची औषधे. सर्ट्रालिनच्या ज्या दोन प्रयोगांवर ती मान्यता उभी आहे, त्यांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि त्यांच्यावरचा आघात बहुतेक वेळा मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा होता, रणांगणाचा नव्हता. त्यांतील एका प्रयोगात सर्ट्रालिन घेणाऱ्या शंभरांपैकी ५३ जणांना ठळक गुण आला, तर प्लॅसिबो घेणाऱ्या शंभरांपैकी ३२ जणांना; दुसऱ्यात हे आकडे ६० आणि ३८ असे होते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, मुख्यतः व्हिएतनामच्या सैनिकांवर, १६९ जणांचा वेगळा प्रयोग झाला आणि त्यात सर्ट्रालिन प्लॅसिबोपेक्षा सरस ठरले नाही. तो प्रयोग १९९० च्या दशकातला. छापून यायला २००७ साल उजाडले. नकारात्मक निकाल असे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तेवढा काळ डॉक्टर अर्ध्या माहितीवर गोळ्या लिहीत राहतात, याची मला चीड आहे.

परंतु त्या सैनिकांची स्थिती लक्षात घ्या. युद्ध संपून वीस-वीस वर्षे झाली होती, आजार मुरलेला होता, अनेकांना दारूचे व्यसन जडलेले होते, आधीचे बरेच उपचार करून झालेले होते. इतक्या जुन्या आजारावर बारा आठवड्यांत कोणतीही एक गोळी चमत्कार करील, ही अपेक्षाच अवास्तव होती. तुमचे यजमान त्या मानाने लवकर उपचाराला आले आहेत. त्यातच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग त्याच मार्गदर्शिकेइतकाच महत्त्वाचा वाटतो. इराक आणि अफगाणिस्तानहून परतलेल्या २२३ जणांचे तीन गट केले. एका गटाला आघाताला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची मानसोपचार-पद्धती आणि सोबत प्लॅसिबो, दुसऱ्याला तीच पद्धती आणि सर्ट्रालिन, तिसऱ्याला सर्ट्रालिन आणि सोबत डॉक्टरांचे नियमित, वेळ देऊन केलेले पाठपुराव्याचे बोलणे. चोवीस आठवड्यांनी तिन्ही गटांची प्रकृती सुधारली होती आणि त्यांच्यात फरक दिसला नाही. काहीच उपचार न मिळालेला चौथा गट तिथे नव्हता, त्यामुळे सुधारणेचे श्रेय नेमके कशाला द्यायचे हे त्यातून ठरत नाही. पण खान्देशात मानसोपचाराची सोय तुटपुंजी असताना मी त्यातून एवढे घेतो, की गोळी लिहून देऊन तीन महिन्यांनी या, असे म्हणणे आणि दर तीन-चार आठवड्यांनी बसवून विचारपूस करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगात दुसरी गोष्ट केलेली होती. तुमच्या पाच महिन्यांत किती वेळा अशी भेट झाली, ते पत्रात आलेले नाही. मात्रा आणि भेटी, दोन्ही तपासा.

बाकीच्या औषधांवर फार शब्द खर्च करत नाही. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी गुण न आलेल्या सुमारे तीनशे माजी सैनिकांना जोडीला रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचे दुसरे औषध देऊन पाहण्यात आले; २०११ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही. गांजाने झोप लागते असे गावोगाव सांगितले जाते. माजी सैनिकांना गांजा ओढायला देऊन केलेल्या नियंत्रित प्रयोगातही तो प्लॅसिबोहून सरस ठरला नाही, आणि आपल्याकडे तो गुन्हा आहे हे वेगळेच. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, यांच्याबद्दल मात्र कडक शब्दांत लिहावेसे वाटते. त्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी या गोळ्या देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे: सवय लागते, आजार मुळातून हलत नाही, आणि कँटीनच्या रमबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. तुमच्या पत्रात दारूचा उल्लेख नाही, म्हणजे ती नाहीच असे मी धरून चालत नाही. असेल तर डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा, कारण प्राझोसिनबरोबरही ती रक्तदाब अधिक उतरवते.

एक गोष्ट नवरा-बायकोतही बोलली जात नाही, म्हणून मीच काढतो. सर्ट्रालिनमुळे पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येऊ शकते, हा त्याचा सर्रास आढळणारा दुष्परिणाम आहे. पुष्कळ पुरुष गोळी सोडण्याचे खरे कारण हे असते, आणि सांगताना मात्र मोबाईलवरील बातमीचे कारण पुढे करतात. तुमच्या घरी तसेच असेल असे मी म्हणत नाही. असेल तर त्यावर मात्रा बदलणे, औषध बदलणे असे मार्ग आहेत. त्याऐवजी कोणी दुकानातून गुपचूप सिल्डेनाफिलसारखी गोळी आणली आणि ती प्राझोसिनसोबत घेतली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. हे वाक्य त्यांना एकट्याला वाचायला द्या. पुढचे बोलणे सोपे जाईल.

मानसोपचाराचे पान तुमच्या पत्रात कोरेच आहे. २०२३ ची मार्गदर्शिका औषधांच्या आधी त्याचेच नाव घेते: आघाताच्या आठवणीला सुरक्षित ठिकाणी, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने पुन्हापुन्हा सामोरे जाणे, किंवा त्या घटनेतून मनात बसलेले 'मीच जबाबदार होतो' यासारखे निष्कर्ष तपासून पाहणे. साधारण आठवड्यातून एक बैठक, आठ ते पंधरा बैठका, असा त्याचा आवाका असतो. सुरुवातीच्या बैठकांनंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो, हे आधीच माहीत असावे, नाही तर माणूस तिसऱ्याच बैठकीला पाठ फिरवतो. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात मनोविकार विभागात अशा पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ आहेत का, हे तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या. यजमानांचे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेलच. पॉलिक्लिनिकमधून पुढच्या रुग्णालयासाठी शिफारसपत्र घेता येते, आणि कार्डाच्या कामात अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यातील लोकांसाठी टेलिमानसचा खास कक्षही सुरू झाला. गावातल्या कोणाला न सांगता पहिले वाक्य बोलून टाकायला त्यांना ही सोय कदाचित सोपी जाईल. त्यांच्या बोलण्यात 'जगून काय उपयोग' असा सूर कधी आला तर वाट न पाहता त्याच दिवशी या क्रमांकावर किंवा डॉक्टरांकडे जा. तसा सूर नसला तरी घरात परवान्याची बंदूक असेल तर ती काही काळ दुसरीकडे सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करा, आणि कपाशीवर फवारायची औषधे कुलपात ठेवून किल्ली स्वतःकडे घ्या.

नव्या औषधांच्या प्रयोगाविषयी. भाच्याच्या मनात बहुधा एमडीएमए, म्हणजे एरवी नशेसाठी घेतले जाणारे एक रसायन, असावे, कारण गेली काही वर्षे माजी सैनिकांच्या संदर्भात त्याचीच चर्चा अधिक आहे. मानसोपचाराच्या जोडीने ते देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगांचे आकडे आकर्षक होते. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. एक मोठी अडचण अशी, की हे औषध घेतले की माणसाला ते लगेच जाणवते, त्यामुळे आपल्याला खरे औषध मिळाले की प्लॅसिबो हे बहुतेकांनी ओळखले, आणि मग गुण औषधाचा की अपेक्षेचा हे वेगळे करता आले नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते देता येते. भारतात मात्र ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, तेव्हा कोणी ते 'मिळवून देतो' म्हणाला तर तो उपचार नाही. केटामाइन या भुलीच्या औषधाचाही १५८ सैनिक आणि माजी सैनिकांवर प्रयोग झाला. २०२२ मध्ये आलेल्या निकालात नैराश्य काहीसे हलके झाले, पीटीएसडीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही.

भारतात एखादा प्रयोग खरोखरच चालू असेल तर त्याची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असली पाहिजे. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि तिथे कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते, समजेल अशा भाषेत सगळे सांगून लेखी संमती घ्यावी लागते, प्रयोगामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि सहभागी माणसाला कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येते. सहभागासाठी तुमच्याकडे पैसे मागणारा प्रयोग हा प्रयोग नव्हे. असे असले तरी आज, या घडीला, मी त्यांना प्रयोगात पाठवण्याच्या मताचा नाही. प्रयोगात शिरण्यासाठी चालू गोळ्या आधी बंद कराव्या लागू शकतात, प्लॅसिबो वाट्याला येण्याची शक्यता असते, आणि मान्य असलेल्या उपचारांचा अर्धा भाग, म्हणजे मानसोपचार, त्यांच्याबाबत अजून सुरूच झालेला नाही. तो करून, पुरेशी मात्रा पुरेसे दिवस घेऊनही गुण आला नाही, तर हा विषय त्यांच्या स्वतःच्या इच्छेने काढावा. इतरांच्या हितासाठी प्रयोगात भाग घेणे फौजी माणसाला भावते, हे मी समजू शकतो. पण तो निर्णय भाच्याने किंवा तुम्ही घ्यायचा नाही.

चहातून गोळी देण्याचा विचार मात्र पूर्ण सोडून द्या. आपल्याला काय दिले जात आहे हे ज्याला माहीत नाही, तो रात्री उठताना सावध राहणार नाही. त्याला चक्कर का आली हे त्याला कळणार नाही, आणि ताप-खोकल्यासाठी गावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर आपण कोणत्या गोळ्या घेतो हे त्याला सांगता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसाचा आजारच सतत सावध राहण्याचा आहे, जो घराच्या दाराकडे पाठ करून बसत नाही, त्याला एक दिवस कपाच्या तळाशी चुरा दिसला तर त्यानंतर तो तुमच्या हातचे पाणीही पिणार नाही. गोळी नाकारण्याचा हक्क शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला आहे, आणि त्यांना तो आहे असे उघड मान्य करूनच बोलणे सुरू करावे लागेल. भाच्याने दाखवलेले ते संशोधन, हे पत्र आणि वही घेऊन तिघेही जळगावला जा. 'या प्रयोगात माझ्यासारखे लोक होते का, आणि गोळी सोडायचीच असेल तर ती किती आठवड्यांत, कशी सोडायची,' हा प्रश्न तुमच्या यजमानांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा. तोवर पुढच्या भेटीपर्यंतच्या गोळ्या ठरल्या वेळी घेईन, एवढेच वचन त्यांच्याकडून मागा.